भरलंय का झाकलंय?

सुभद्राआक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्यात एका पायावर उभी होती.

बारामतीत कालव्याच्या कडेनं रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला सायकलींसाठी वेगळी पट्टी ठेवलेली आहे, लालसर रंगाची. सगळे तिला सायकल ट्रॅकच म्हणतात. आमच्या ठेकेदाराला त्या ट्रॅकखालून केबलचे पाइप टाकायचं काम मिळालं होतं. ट्रॅक खोदायचा, पाइप टाकायचे, चर बुजवायचा आणि वरून डांबर करून होता तसा करून द्यायचा. मी त्या दिवशीच सुपरवायझर म्हणून रुजू झाले होते. गाव माझं डाळज. डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं मी भिगवणला एका ऑफिसात नकाशे काढत बसले होते. साइटवरची धूळ नाकात जायची ही पहिलीच वेळ.

तर आक्का एका पायावर उभी. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, साडीवर पुरुषाचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. उजवा पाय उचलायची आणि बुजवलेल्या चरावर टाच दाणकन आपटायची. मग एक पाऊल पुढं, पुन्हा टाच. दहा-बारा पावलं गेल्यावर ती थांबली, मान तिरकी केली आणि त्याच जागी पुन्हा टाच मारली.

"हितं पोकळ हाय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, कुणी वाद घातला नाही. एका गड्यानं पहार आणून तिथं घातली. पहार हातभर आत गेली. खाली एक मोठा दगड आडवा पडला होता आणि त्याच्या पोटाखाली माती पोचलीच नव्हती.

माझ्या पिशवीत टेप होता, नकाशा होता, आणि जमिनीच्या दबाईवर परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते. यातलं काहीच त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. पायाला लागलेला मुरूम झटकत विचारलं, "नव्या सायेब का?"

"हो."

"जेवलीस का?"

साइटवर माझी ओळख झाली ती अशी.

आमच्या टोळीत सात माणसं होती, चार बाया आणि तीन गडी. आक्का त्यांची मुकादम. साठीच्या जवळ आलेली, अंगानं काटक, बोलणं कमी. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याशा गावातून लग्न होऊन आली, नवरा-बायको दोघंही रस्त्याच्या कामावर, नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झालेली. तो शर्ट त्याचाच. मुलगा लोणी देवकरला कारखान्यात कामाला, आणि ही बारामतीत एका खोलीत एकटी. याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. पौर्णिमेला मात्र पांढरी साडी नेसून विहारात जायची, आणि त्या दिवशी शर्ट नसल्यामुळं ती एकदम कुणी वेगळीच, शाळेतल्या बाईंसारखी दिसायची.

चर बुजवायची तिची एक पद्धत होती. वीतभर मुरूम, वर पाणी, मग धुमस. पुन्हा वीतभर मुरूम, पाणी, धुमस. धुमस म्हणजे जमीन ठोकायचा लाकडी दांड्याचा जड ठोकळा. दबाईचं मशीन आमच्याकडं होतं, पण ते चारातले दोन दिवस बंद असायचं आणि आक्काचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "त्ये वरून थरथरतं नुसतं," म्हणायची. धुमस ती स्वतः मारायची नाही आता, पण आवाज ऐकत बसायची. ओल्या मुरमावर धुमस बसते तेव्हा आधी भदभद आवाज येतो. मग तो हळूहळू घट्ट होत जातो, आणि एका क्षणी असा कोरडा, ठाम वाजतो की आक्का हात वर करायची. पुढचा थर.

आणि तिचा एक प्रश्न होता. "भरलंय का झाकलंय?"

हा प्रश्न ती चराबद्दल विचारायची तसा कशाहीबद्दल विचारायची. दुपारी मी डबा पाच मिनिटांत संपवून उठले की माझ्या पोटाकडं बोट करून म्हणायची, "भरलंय का झाकलंय?" टोळीतल्या एका बाईचं नवऱ्याशी भांडण होऊन मिटलं, ती हसत कामावर आली, तर आक्कानं तिला बाजूला घेऊन हेच विचारलं, आणि ती बाई पाटी खाली ठेवून रडायला लागली. मला बघायला पाहुणे आले होते. दुसऱ्या दिवशी मी साइटवर सगळ्यांना पेढा दिला आणि मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे असं सांगितलं. आक्कानं पेढा खाल्ला, बोटं पुसली, माझ्याकडं नुसतं बघितलं. तिनं तोंडानं विचारलंही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही आणि आठवड्यानं मी त्या स्थळाला नकार कळवला. अजून मला त्याचं बरंच वाटतं.

रस्त्यानं चालताना तिची नजर कायम खाली. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना. एकदा टोळीतल्या एका गड्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे टेम्पोनं गेलो होतो. मंगलाष्टका सुरू झाल्या, बाकीचे नवरदेवाकडं बघतायत आणि आक्का मांडवाच्या दारातल्या ताज्या डांबराच्या पट्टीकडं. नळाचं काम झालं होतं तिथं. मी म्हटलं, "आक्का, अक्षता टाका." तिनं अक्षता टाकल्या आणि माझ्या कानात म्हणाली, "पंधरा दिसांत बसतीय ही." मला खोटं वाटलं म्हणून पंधरा-वीस दिवसांनी त्या बाजूला गेले होते तेव्हा मुद्दाम वाकडी वाट केली. पट्टी मधोमध खचलेली, आणि तिच्यात पाणी साचून एक कुत्रं ते पीत होतं.

हे सगळं मी इतक्या सावकाश सांगतेय, कारण पुढचं सांगायला मला जड जातं.

आक्काच्या सुनेला दिवस भरले होते. आक्का दोन दिवसांची सुट्टी घेऊन लोणी देवकरला गेली. मी आल्यापासून तिनं घेतलेली ती पहिलीच सुट्टी. जाताना मला म्हणाली, "शाळंम्होरचा चर मी आल्याबिगर बुजवू नगंस." मी हो म्हटलं. पण ठेकेदाराला घाई होती. त्याला सगळे शेठ म्हणायचे. त्याची दोन कामं चालू होती, एक बारामतीत आणि एक इंदापुरात, आणि त्या दोन दिवसांत त्यानं मला इंदापूरला पाठवलं. माझ्यामागं बारामतीचा चर बुजला. संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला, वरून काळंभोर गुळगुळीत डांबर. रोजच्या कामाचा एक कागद असतो, त्यात किती थर दिले, पाणी मारलं का, दबाई झाली का, असे रकाने असतात. मी इंदापुरात बसून त्या कागदावर सही केली. जागेवर गेले नाही. फोटो बघितला आणि सही केली.

चार दिवसांनी शेजारची पाण्याची लाइन गळायला लागली, पाणी चरात मुरलं आणि चर खचला. वरून फारसा दिसत नव्हता. सकाळी कॉलेजला निघालेल्या एका मुलीच्या सायकलचं पुढचं चाक तिथं रुतलं आणि ती हँडलवरून पुढं पडली. मनगट मोडलं.

आक्का कामावर परतली होती. नात झाल्याचे पेढे वाटून झाले होते, आणि आम्ही तेव्हा ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला काम करत होतो. चहाच्या टपरीवाल्यानं येऊन सांगितलं. आम्ही जाऊन पोचलो तोवर मुलीला दवाखान्यात नेलं होतं आणि तिची सायकल टपरीला टेकवून ठेवलेली होती. आक्का चराजवळ गेली. टाच मारायची गरजच नव्हती, पाऊल ठेवताच जमीन दबली. ती खाली बसली आणि हातानं उकरायला लागली. काळी माती. विटांचे तुकडे. सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, तिच्यात दबाई धरत नाही, हे आमच्या टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आक्का टोळीला एक शब्द बोलली नाही. त्यांनी शेठनं सांगितलं ते केलं होतं. तिनं बादलीत हात धुतले, शर्टाला पुसले आणि टपरीवाल्याला विचारलं, "पोरगी कुठली?"

"काटेवाडीची म्हणत होते."

"सायेब, तुझी गाडी काढ."

मी म्हटलं, "आक्का, शेठला विचारू आधी. आपण आपणहून गेलो तर उद्या आपल्यावरच येईल."

"आपल्यावरच हाय की त्ये," आक्का म्हणाली आणि माझ्या स्कूटीवर मागं एका अंगाला बसली. वाटेत थांबायला लावून तिनं अर्धा डझन केळी घेतली.

काटेवाडीत घर विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दवाखान्यातून सगळे नुकतेच परतले होते. मुलीचे वडील गोठ्यासमोर उभे होते, दुधाचे कॅन धुऊन पालथे घातलेले. मुलगी ओट्यावर बसली होती, हाताला ओलं प्लास्टर, डोळे सुजलेले. साक्षी तिचं नाव, अकरावीला होती.

"कोण आपण?" वडिलांनी विचारलं.

"ज्या चरात तुमची लेक पडली, त्यो आमच्या टोळीनं बुजवलाय," आक्का म्हणाली. "म्हंजे नीट बुजवला न्हाय. त्ये सांगाया आले."

वडील दोन पावलं पुढं आले. "ठेकेदारानं पाठवलं का?"

"न्हाय. त्यास्नी ठावं बी न्हाय."

"मग तुम्ही कशाला आला?"

आक्कानं साक्षीकडं बघितलं. "पडली कशानं, त्ये तिला कळाया नगं का? न्हायतर पोरगी म्हणंल, मलाच सायकल येत न्हाय."

साक्षी रडायला लागली. तिची आई आतून आली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग हळूहळू कळलं. सकाळपासून घरात सगळे तिलाच बोलत होते. मोबाइल बघत चालवत असशील, मैत्रिणींशी गप्पा मारत असशील, रोज शेकडो जातात तिथून, तूच कशी पडलीस. वडिलांनी तर सांगून टाकलं होतं की सायकल बंद, आणि पुढच्या वर्षी कॉलेजचंही बघू. साक्षी सांगत होती की जमीन आत गेली, आणि कुणालाच ते पटत नव्हतं.

वडिलांनी खुर्ची आणून आक्कासमोर ठेवली. आक्का खुर्चीवर बसली नाही, ओट्यावर साक्षीच्या शेजारी बसली आणि केळं सोलून तिच्या डाव्या हातात दिलं.

मी सगळा वेळ दाराशी स्कूटी धरून उभी होते. आत या म्हणाले तरी गेले नाही.

परत येताना ऊस दोन्ही बाजूंनी उंच झालेला, वारा तोंडावर. काटेवाडी मागं पडल्यावर मी गाडी न थांबवताच बोलले, "आक्का, त्या दिवशीच्या कागदावर माझी सही आहे. मी इथं नव्हतेच. फोटो बघून केली."

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"तू दाराशीच हुबी राहिलीस की."

त्या दिवसानंतर मी न बघता कुठंही सही केलेली नाही, आणि तिला अहो-जाहो करणंही कधीतरी त्याच आठवड्यात आपोआप बंद झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो चर कुणाला न विचारता पुन्हा उकरला. काळी माती काढली, मुरूम आणला, थरावर थर दिले. आक्का काठावर बसून धुमस ऐकत होती. शेवटी वरून डांबर झालं तेव्हा शाळा सुटली होती आणि पोरं कडेला उभी राहून बघत होती.

पंधरा दिवसांनी साक्षी आली. एसटीनं येत होती आता, हात गळ्यात बांधलेला. आक्कानं तिला हाताला धरून त्या जागी नेलं. "बघ आता," म्हणाली आणि टाच मारली. दगडावर मारल्यासारखा आवाज झाला.

साक्षीनं मान हलवली, पण ती खालीच बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "आक्का, हे पायाला नाही कळायचं. चाकाला कळतं."

"काय कळतं?"

साक्षी खाली बसली. नव्या डांबराची पट्टी जुन्या ट्रॅकपेक्षा बोटभर उंच होती. शेठचाच नियम होता तो, थोडं उंच ठेवायचं, नंतर बसतं. आणि तिची कड ट्रॅकच्या लांबीनं, थेट पुढं धावत गेली होती. "हे आडवं असतं ना, तर नुसता दणका बसतो," साक्षी म्हणाली. "हे लांबवर गेलंय. चाक याला घासलं की हँडल आपलं ऐकत नाही."

आक्कानं कडेवरून बोट फिरवलं. "येवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

मग आक्का हळूच, मोठी चूक कबूल करावी तसं म्हणाली, "मला सायकल येत न्हाय गं."

पस्तीस वर्षं तिनं रस्ते केले होते. रस्त्यावर चालली होती, रोलरमागं पाणी टाकत गेली होती, टेम्पोत, एसटीत बसली होती. पण स्वतःच्या हातात हँडल धरून ती कुठल्याच रस्त्यावरून कधी गेली नव्हती.

साक्षी म्हणाली, "मी शिकवते."

सायकल टपरीवरच पडून होती. साक्षीच्या वडिलांनी ती दुरुस्त करून दिली, पण प्लास्टर निघेपर्यंत घरी आणायची नाही म्हणाले. मग रोज दुपारच्या सुट्टीत, कालव्याकडेच्या मोकळ्या जागेत, सुभद्राआक्का सायकल शिकायला लागली. एका बाजूनं एका हातानं कॅरिअर धरून साक्षी, दुसऱ्या बाजूनं मी. टोळीतले बाकीचे डबे घेऊन कडेला बसायचे. पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवसापासून सल्ले द्यायला लागले, आणि त्यातल्या निम्म्यांना स्वतःला सायकल येत नव्हती.

आक्का खाली बघायची. ती सवय कशी जाणार. साक्षी ओरडायची, "आक्का, पुढं बघ." आक्का पुढं बघायची, दोन पायडल मारायची आणि पुन्हा नजर चाकाखाली. ब्रेक तिला पटतच नव्हता, थांबायचं झालं की दोन्ही टाचा जमिनीवर टेकवायची आणि मुरमात दोन रेघा ओढत जायची. चार वेळा पडली. एकदा गुडघा चांगलाच फुटला. मी म्हटलं, राहू दे आता. तिनं गुडघ्याला हळद लावली, वर फडकं बांधलं आणि साक्षीला म्हणाली, "उद्या जरा लौकर ये."

तीन आठवडे लागले. एक दिवस साक्षीनं कॅरिअर सोडलं आणि आक्काला ते कळलंच नाही. ती गेली, सरळ गेली, शर्टाचा घोळ वाऱ्यानं फुगला. वळता येत नसल्यामुळं ती कालव्याच्या बांधापर्यंत जाऊन थांबली आणि तिथूनच मागं वळून बघितलं. आम्ही दोघी केवढ्या लांब राहिलोय हे तिनं पाहिलं. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता हे मला सांगता येत नाही. नुसतं एवढं सांगते की साक्षीनं प्लास्टरचा हात तोंडावर धरला होता.

त्याच दुपारी ती ट्रॅकवर गेली. आमच्या नव्या पट्टीच्या कडेला पुढचं चाक लागलं, हँडल हातातून फिरलं आणि आक्का बाजूच्या मेंदीच्या कुंपणात गेली. आम्ही धावलो. ती कुंपणात बसूनच होती, केसात पानं.

"पोरगी खरं बोलत हुती," ती म्हणाली.

काम संपत आलं होतं. शेठ आला तेव्हा आक्कानं त्याला सांगितलं की ही पट्टी कापून काढावी लागेल आणि ट्रॅकची सगळी रुंदी एकाच वेळी डांबर करून घ्यावी लागेल, म्हणजे मधे कडच राहणार नाही.

शेठ हसला. "आक्का, एवढं कुणी करत नाही. वर थोडा फुगवटा ठेवायचाच असतो. गाड्या गेल्या की बसतो."

"ह्यावरनं गाड्या जात्यात कुठं?" आक्का म्हणाली. "सायकली जात्यात. सायकलीनं बसायचा कसा?"

शेठचं हसू गेलं. मी आजवर इंजिनियर लोकांच्या तोंडूनही हा मुद्दा ऐकला नव्हता. पण तो चिडला. टोळीसमोर म्हणाला, "तुला मुकादम केलं म्हणजे साहेब केलं नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पण शर्ट नव्हता अंगात, डोक्याला टॉवेल नव्हता. पौर्णिमेची पांढरी साडी नेसली होती. टपरीवरून सायकल घेतली आणि ट्रॅकवरून हळूहळू जायला-यायला लागली. पट्टी आली की उतरायची, सायकल हातात धरून चालायची, पट्टी संपली की पुन्हा बसायची. टोळी काम करत होती, पण सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं.

अकराच्या सुमाराला शेठची गाडी आली. आक्का समोर जाऊन उतरली.

"शेठ, येती का सायकल?"

शेठ पन्नाशीचा, पोट सुटलेला, पांढरेशुभ्र कपडे. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "न यायला काय झालं? शाळेला सायकलनंच जायचो मी. सात किलोमीटर."

"मग हिच्यावरनं शाळंपस्तोर जावा. पट्टीवरनं. न्हाय पडलासा तर मी आपली घरला जाती."

मला वाटलं तो ओरडेल. पण सायकलकडं बघताना त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला, धोतराचा असावा तसा पँटीचा पाय जरा वर ओढला आणि लेडीज सायकलवर बसला. सुरुवातीला छान गेला. पट्टीला लागला, दहा-पंधरा फूट गेला, आणि कडेला चाक घासलं. हँडल वळलं. त्यानं दोन्ही पाय टेकवले, एक चप्पल मागं उडाली. पडला नाही. मग सायकल मागं घेतली आणि पुन्हा गेला. पुन्हा तेच झालं.

परत येऊन त्यानं सायकल स्टँडला लावली. कुणाकडं न बघता मला विचारलं, "मॅडम, किती मीटर आहे ही?"

"तीनशे चाळीस."

"काढा."

चप्पल घालून गाडीकडं निघाला, दारापाशी थांबला आणि आक्काला म्हणाला, "शर्ट कुठाय तुझा?"

"घरी हाय."

"मग जा घेऊन ये. ही काय कामाची साडी आहे?"

आठ दिवस लागले. पट्टी कापून काढली, ट्रॅक सबंध रुंदीत एकजीव केला. साक्षीचं प्लास्टर निघाल्यावर तिनं त्याच्यावरून सायकल नेली. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो, आक्का फक्त चाकाकडं. शाळेपाशी पोचून साक्षीनं घंटी वाजवली. दुसऱ्याच दिवसापासून ती काटेवाडीहून पुन्हा सायकलनं यायला लागली, आणि कॉलेज सुटण्याची गोष्ट तिच्या घरात पुन्हा निघाली नाही. शेठ सुधारला वगैरे म्हणणार नाही मी. पण नंतरच्या कामांत तो फुगवटा ठेवा असं सांगायचा थांबला, एवढं खरं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आक्काचे गुडघे बोलायला लागले आणि मुलगा तिला लोणी देवकरला घेऊन गेला. जाताना तिनं टोळीला जेवण दिलं. मला वाटलं होतं फार रडू येईल, पण मटण इतकं तिखट होतं की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं आणि कुणाचं काय ते कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात इंदापूरला काम निघालं तेव्हा मी वाट वाकडी करून तिला भेटायला गेले. बारीक झाली होती. नात अंगणात खेळत होती, आक्का तिला भात भरवत होती. माझ्या लग्नाचं, माझ्या मुलाचं सगळं विचारून झालं. सून चांगली होती, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघाले तेव्हा आक्का काठी टेकत रस्त्यापर्यंत घालवायला आली. नको म्हटलं तरी आली.

त्यांच्या वस्तीसमोर कारखान्याच्या रस्त्याला पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम चालू होतं. एक जेसीबी लांब चरात एकदम माती लोटत होता. आक्काचं बोलणं मधेच थांबलं. माझा हात धरलेला होता, तो तिनं सोडला.

"तू हो म्होरं, पोरी," ती म्हणाली. "उशीर हुईल तुला."

मी गाडी सुरू केली. वळणावर आरशात बघितलं. जेसीबीचा हात मातीनं भरलेला, तसाच वर अधांतरी थांबला होता. चालक खाली उतरला होता. आक्का काठी बाजूला ठेवून चराच्या काठावर बसायला बघत होती, आणि त्या अनोळखी माणसानं, ती घसरू नये म्हणून, तिचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.